अर्धा किल्ला आत, अर्धा बाहेर

राज्यघटनेतली समवर्ती सूची सात-आठ वर्षांच्या मुलांना समजावून सांगता येते, असं माझं मत होतं. ते कुणी विचारलेलं नव्हतं. तरी मी ते सोसायटीच्या सभेत मांडलं, आणि पुढे जे घडलं ते त्या एका वाक्यामुळे घडलं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की बातमीत आपलं मत घालायचं नाही. ही सूचना मी घरी येताना ऑफिसातच ठेवून येतो, हे आता लक्षात आलं.

म्हणून खाली फक्त घटना देतो, घडल्या त्या क्रमाने.

आमची सोसायटी सानपाड्यात आहे. दोन विंग, एक गेट. मागच्या बाजूला दुसरं गेट आहे, पण त्याच्यासमोर ट्रान्सफॉर्मर बसल्यापासून ते फक्त नकाशात उघडतं. आम्ही ए विंगमध्ये राहतो: मी, माझी बायको वैशाली आणि दुसरीत असलेली मुलगी जाई.

गेल्या दिवाळीत दोन्ही विंगच्या मुलांनी वेगवेगळे किल्ले केले होते. ए विंगच्या बुरुजाखाली बी विंगने सुतळी बॉम्ब लावला. त्यानंतर बी विंगचे काही मावळे बेपत्ता झाले आणि दुसऱ्या दिवशी ए विंगच्या किल्ल्यावर पहाऱ्याला उभे असलेले आढळले. मुलांचं भांडण तुळशीच्या लग्नापर्यंत मिटलं. आयांचं होळीपर्यंत चाललं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या काळात इतका मजकूर आला की आमच्या पेपरची रविवारची पुरवणी त्यातून निघाली असती.

यंदा सेक्रेटरी विलासरावांनी सभेत ठराव मांडला: किल्ला एकच, दोन्ही विंगचा मिळून. विलासराव साधं पाणी मागतानासुद्धा ठराव मांडल्यासारखं मागतात. ठराव मंजूर झाला. मग कुणीतरी म्हणालं, मुलांना हे समजावणार कोण? त्यावर मी म्हणालो, "सोपं आहे. राज्यघटनेत याची सोय आहे. काही अधिकार केंद्राचे, काही राज्यांचे, काही दोघांचे. मुलांना तसंच वाटून द्यायचं."

सभेत शांतता पसरली. ती कौतुकाची आहे असं मला वाटलं.

"अहो नंदकुमार, मग तुम्हीच सांगा की," विलासराव म्हणाले. "तुम्ही पेपरातले."

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात वर्ग भरला. मी फळ्यावर तीन रकाने आखले.

"मुलांनो, एवढा मोठा देश. सगळी कामं एकाच माणसाकडे दिली तर काय होईल?"

"तो दमेल," जाई म्हणाली. ती माझीच मुलगी असल्यामुळे मी उत्तर बरोबर असूनही तिला शाबासकी दिली नाही. पक्षपात नको.

"त्याला मजा येईल," बी विंगचा शिवतेज म्हणाला. शिवतेज तिसरीत आहे आणि कुठल्याही प्रश्नाला थांबून उत्तर देण्याची त्याला सवय नाही.

मी तो मुद्दा बाजूला ठेवला आणि याद्या केल्या. माती, दगड, विटा आणि गोणपाट ए विंगकडे. मावळे, तोफा, दिवे आणि हळीव पेरून गवत उगवून आणणं बी विंगकडे. सामाईक यादीत जागा, पाणी आणि महाराज.

"महाराज सामाईक कसे?" शिवतेज म्हणाला. "मूर्ती आमच्या आज्जीची आहे."

ही गोष्ट खरी होती. शिवतेजची शालनआजी मूळची कोरेगावकडची. किल्ल्यावर बसवायची महाराजांची मूर्ती तिने तिकडून आणलेली, आणि वर्षभर ती तिच्या कपाटात मऊ कापडात असते. त्या आठवड्यात आजी नेरुळच्या एका हॉस्पिटलात होती. दोन्ही गुडघे बदलायचे होते. ऑपरेशनला जाताना तिने मूर्ती नातवाच्या हातात दिली होती आणि बजावलं होतं, "पाडव्याला मी घरी येनार. मी बगितल्याबिगर किल्ला मोडायचा न्हाई. मोडलास तर पुन्यांदा मूर्ती न्हाई."

"मालकी आजीची," मी निकाल दिला, "पण वापर सामाईक."

"आणि सामाईकमध्ये भांडण झालं तर?"

"चर्चा करायची."

"चर्चेत भांडण झालं तर?"

घटना समितीपुढेही हे प्रश्न आले असतील, पण त्यांच्यापुढे शिवतेज नव्हता. मी जागच्या जागी नियम तयार केला. सामाईक गोष्टीला हात लावायचा असेल तर ए विंगचा एक हात आणि बी विंगचा एक हात वर झाला पाहिजे. एकाच विंगचे कितीही हात वर झाले तरी उपयोग नाही. मुलांना हे फारच आवडलं. ती लगेच हात वर करायला लागली, विषय काहीच नसताना. मी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याला बरेच अंगठे आले. त्यातल्या किती जणांनी फोटो मोठा करून वाचला होता हे नंतर कळलं.

आता माती. माती ए विंगकडे, आणि ए विंगच्या मुलांकडे मी.

नवी मुंबई नियोजनबद्ध शहर आहे. जिथे माती होती तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. जिथे पेव्हर ब्लॉक नाहीत तिथे माती आहे, पण तिच्याभोवती पत्रे आहेत आणि पत्र्यांमागे सिक्युरिटी. सेक्टरच्या बागेतला माळी म्हणाला, ही माती सरकारी आहे. एका बांधकामावरचा सुपरवायझर म्हणाला, न्यायची तर अख्ख्या खड्ड्याची न्या, घमेल्या-दोन घमेल्यांनी देत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जागृतीताई गच्चीत सेंद्रिय भाजी पिकवतात आणि खाली येऊन तिच्याबद्दल सांगतात. त्यांनी मला कोकोपीट वापरायचा सल्ला दिला.

"कोकोपीटचा किल्ला पाणी घातलं की फुगेल हो," मी म्हणालो.

"पण मुळांना हवा मिळेल ना."

"किल्ल्याला मुळं नसतात, ताई."

"तोच तर आपल्याकडे प्रॉब्लेम आहे," असं म्हणून त्या वर गेल्या. हे वाक्य मी अजून सोडवतो आहे.

वैशाली म्हणाली, "चार कुंड्या रिकाम्या कर ना, नंदू. मुलांचा किल्ला आहे, रायगड नाही बांधायचा." हा सल्ला मी ऐकला असता तर ही कथा इथेच संपली असती. पण मी मुलांना चांगली लाल माती देईन असा शब्द दिला होता. मला भैरू आठवला.

भैरू जासईचा. त्याचा छोटा डंपर आहे, आणि पूर्वी आमच्या छापखान्यात कागदाची रिळं उतरवायला तो येत असे. मी फोन लावला.

"माती ना? आनून टाकतो, सायेब. किती पायजे?"

"थोडीच."

"हां, थोरीच आनतो. टेन्शन नको."

वीस वर्षं मी बातम्यांमधले मोघम शब्द कापतो आहे. 'काही', 'बरेच', 'थोडे' हे शब्द दिसले की लाल पेन उचलायचं आणि बाजूला लिहायचं: नक्की किती? तोच मी फोनवर 'थोडीच' म्हणालो आणि निश्चिंत मनाने जेवायला बसलो.

वसुबारसेच्या सकाळी डंपर आला. मी दाढी करत होतो. खाली काय झालं ते वॉचमन गोटीरामने नंतर सांगितलं. पाण्याची टाकी गेटच्या आतल्या रस्त्याखाली आहे, त्यामुळे अवजड गाडी आत घ्यायची नाही अशी विलासरावांची लेखी सूचना केबिनमध्ये चिकटवलेली आहे. भैरू गाडी मागे घेत गेटमधून निम्मा आत आला तेव्हा गोटीरामला ती सूचना आठवली.

"टाकीवर गाडी न्यायची नाय," गोटीराम म्हणाला.

"मंग टाकू कुटं?"

"ते मला नाय माहीत. पन पुढं नाय."

भैरूला लगेच दुसरी फेरी होती. त्याने होता तिथेच हौदा वर केला.

मी तोंडाला साबण असतानाच खाली पोचलो तेव्हा डंपर वळणावर दिसेनासा होत होता आणि गेटच्या बरोबर मध्ये, माझ्या छातीएवढा, लालभडक, ओलसर ढिगारा उभा होता. निम्मा सोसायटीत, निम्मा फुटपाथवर. सरकतं गेट त्यात रुतलं होतं. ते उघडतही नव्हतं, मिटतही नव्हतं. शेजारचं माणसांचं छोटं गेट तेवढं मोकळं होतं. पण मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून विलासरावांनी तिथे उंच पायरी आणि वाकडा पाइप बसवलेला आहे, त्यामुळे तिथून माणूस आडवा होऊन जातो.

मी भैरूला फोन केला. "अरे, थोडी म्हणालो होतो ना!"

"सायेब, माती थोरी नसते," तो शांतपणे म्हणाला. "माती एक गाडी असते, नायतर नसते. कुंडी पायजे होती तं कुंडी बोलाचं." मग म्हणाला, उचलायला येतो, पण दिवाळी झाल्यावर. पोरं गावाला गेलीत, फावडं मारायला कोनी नाय.

विलासराव आले. त्यांची गाडी आत होती आणि त्यांना वाशीला जायचं होतं.

"ही कुणाची माती?"

"मुलांची," मी म्हणालो.

"माती हा विषय ए विंगच्या यादीत आहे. मी फोटो मोठा करून वाचलाय. तेव्हा ए विंगने ती उचलावी."

"पण जागा सामाईक आहे," ए विंगमधलं कुणीतरी पाठीमागून म्हणालं. "दोघांनी उचला."

"आणि बाहेरची अर्धी?" तिसऱ्याने विचारलं. "ती तर सोसायटीचीच नाही."

मी महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाई अतिशय सौजन्याने बोलल्या.

"माती गेटच्या आत आहे की बाहेर?"

"अर्धी आत, अर्धी बाहेर."

"मग अर्ध्याची तक्रार घेते."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः विभागाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांना मी प्रेसचं कार्ड दाखवलं नाही. फक्त खिशातून बाहेर डोकावेल असं ठेवलं होतं. साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पेन्सिलीने कागदावर ढिगारा काढला. मधून एक रेघ ओढली.

"बघा. ही बाहेरची आम्ही उचलली, की आतली घसरून बाहेर येणार. बरोबर?"

"बरोबर."

"ती झाली नवीन माती. त्याची तक्रार वेगळी."

"मग आधी आतली उचलतो."

"की बाहेरची घसरून आत येणार. सरकारी जागेवरची माती तुम्ही आत घेतली असं होईल." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उचलायला पाहिजे. त्याला समन्वय लागतो."

मी म्हणालो, समन्वय मुलांनाही समजतो. हे मी थोड्या वरच्या आवाजात म्हणालो असेन, कारण साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, चला, जागा बघू, जेसीबी येईल मागून. मला जिंकल्यासारखं वाटलं. साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मी सानपाड्याला परत आलो आणि वाटेत मनातल्या मनात बातमीचा मथळाही करून टाकला.

गेटवर उतरलो तेव्हा ढिगारा नव्हता. किल्ला होता.

सुट्टी लागली होती आणि मुलांनी सकाळपासून काम सुरू केलं होतं. नियम त्यांनी काटेकोर पाळला होता. जागा सामाईक, म्हणून जाईचा हात वर, शिवतेजचा हात वर, आणि सुरुवात. ए विंगने बुरूज थापले, तटबंदी केली, वर गोणपाट अंथरून माती लिंपली. बी विंगने तोफा मांडल्या, मावळे चढवले, हळीव पेरला. दोन्ही विंगची पोरं एकाच बादलीत हात धूत होती. आणि सगळ्यात वर, सिंहासनावर, झेंडूचा हार घातलेले महाराज रस्त्याकडे बघत बसले होते.

साहेबांनी पायातले बूट काढले. हात जोडले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माती म्हणाला होता."

"मातीच आहे ती."

"आता नाही. आता तो किल्ला आहे. किल्ला आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतो?"

"ते मला माहीत नाही. पण दिवाळीत महाराज बसलेत तिथे जेसीबी लावायची ऑर्डर मी काढणार नाही. तुम्ही काढाल?"

मागून आलेल्या जेसीबीवाल्याने लांबूनच मूर्ती बघितली आणि कुणी न सांगता गाडी वळवली. साहेबांनी किल्ल्याचा फोटो काढला, मुलांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि गेले. विलासराव सकाळपर्यंत मला दंड लावायचा म्हणत होते. त्यांनी आता किल्ल्यापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकला: 'आपल्या सोसायटीची गौरवशाली परंपरा.' त्यांची गाडी अजून आतच होती. ते वाशीला रिक्षाने गेले.

पुढचे दिवस बरे गेले असं म्हणता येईल. आतल्या गाड्या आत राहिल्या, बाहेरच्या बाहेर, आणि लोकांना कळलं की आपण चालू शकतो. जुईनगरपासून माणसं किल्ला बघायला आली. हळीव उगवला. जाई आणि शिवतेज किल्ल्याची माहिती सांगायला आळीपाळीने उभे राहत. तो इतिहास सांगे, ती चुका दुरुस्त करे. मी ऑफिसात जाता-येता मान ताठ ठेवून वाकड्या पाइपाखालून आडवा होत असे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी शिवतेज आमच्या दारात उभा राहिला. एरवी तो बेल वाजवून पळतो. तो तसाच उभा होता.

"काका, आज्जी उद्या येणार."

"अरे वा!"

"व्हीलचेअरवर येणार. डॉक्टर बोलले, सहा आठवडे पायरी नाही चढायची."

मला कळायला जरा वेळ लागला. किल्ला बघायला आजी येणार, आणि किल्ल्यामुळे आजी आत येऊ शकत नाही. किल्ला मोडला तर आजी आत येईल, पण मग बघायला काय उरणार? आणि पुढच्या वर्षी मूर्ती नाही.

"माझा आज्जीला शब्द आहे," शिवतेज म्हणाला. त्याचा आवाज हलला, म्हणून तो लगेच खाली निघून गेला.

गेटवर सगळे जमले. विलासराव म्हणाले, आजींना खुर्चीवर बसवून चौघांनी किल्ल्यावरून उचलून आणावं. शिवतेजच्या आईने हॉस्पिटलात व्हिडिओ कॉल लावला. आजीने प्रस्ताव ऐकला.

"मी काय उत्सवमूर्ती हाय व्हय, खांद्यावर घ्यायला? आन् म्हाराजांच्या डोक्यावरनं? काय लाज हाय का न्हाई?" फोन बंद झाला.

जागृतीताई म्हणाल्या, मागचं गेट. कुणीतरी त्यांना ट्रान्सफॉर्मर दाखवला. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, आजींना अजून आठ दिवस हॉस्पिटलातच ठेवा, तिथे काळजी चांगली घेतात. शिवतेजच्या आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तिसरे म्हणाले, मूर्ती तेवढी अलगद उचलून किल्ला मोडावा. कुणी उचलायची यावर पुन्हा याद्या निघाल्या. ए विंग म्हणाली, मूर्ती बी विंगची. बी विंग म्हणाली, महाराज सामाईक यादीत आहेत, हवं तर फोटो बघा. बाहेरचा अर्धा किल्ला तर आपला नाहीच, असं विलासराव म्हणाले. मी राज्यघटनेतला एक मुद्दा काढून तो समजावू लागलो. नेमका कुठला ते आठवत नाही, पण तो लांब होता.

जाई माझा सदरा ओढत होती.

"बाबा. बाबा! तू तर सांगितलं होतंस, सामाईक म्हणजे दोघांनी करायचं."

"हो, तेच सांगतोय."

"नाही. तुम्ही सगळे सामाईक म्हणजे कोणीच नाही करायचं असं करताय. चीटिंग आहे ही."

विलासराव खोकले. जाईने वाट बघितली नाही. ती किल्ल्याजवळ गेली आणि हात वर केला. तटबंदीवर बसलेल्या शिवतेजने तिच्याकडे बघितलं, आणि त्याचाही हात वर गेला.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"खिंड करायची," जाई म्हणाली. "किल्ल्याच्या मधून. महाराज उंच बाजूला आहेत, त्यांना कोणी हलवायचं नाही. बाकीचं कापायचं."

मग काम सुरू झालं आणि आम्ही मोठी माणसं बाजूला उभी राहून सूचना देऊ लागलो. मुलांनी त्या ऐकल्या नाहीत. ए विंगची पोरं खुरप्यांनी माती खणत. बी विंगची पोरं त्या वाटेवरचे मावळे आणि तोफा उचलून नव्या जागी मांडत. घमेली कमी पडली तेव्हा पातेली आली. जागृतीताई दोन रिकाम्या कुंड्या घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, माती तशी चांगली आहे. थोड्या वेळाने त्या सहा कुंड्या घेऊन उतरल्या. मग प्रत्येक घरातून कुंड्या यायला लागल्या, आणि खिंडीतली माती दोन्ही विंगच्या बाल्कन्यांत चढू लागली. बाहेरची माती आतल्या कुंडीत गेली की नाही हे कुणी बघितलं नाही. मी बघितलं, पण बोललो नाही.

दुपारी प्रश्न आला रुंदीचा. व्हीलचेअर केवढी असते हे कुणालाच माहीत नव्हतं.

"घरातली बाबाची कामाची खुर्ची आणू," जाई म्हणाली. "तिला चाकं आहेत."

"खुर्ची रिकामी जाईल," शिवतेज म्हणाला. "माणूस बसवून बघायला पाहिजे. आज्जीएवढा."

पोरांनी जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं. मग एकेक करून सगळ्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. शालनआजी अंगाने भरलेली आहे, एवढंच इथे नोंदवतो. मी वैशालीकडे बघितलं. तिने खुर्ची पुढे सरकवली.

मी बसलो. डेस्कवर माझ्या हाताखाली चौदा माणसं काम करतात. मला आठ पोरांनी ढकलत खिंडीत नेलं. निम्म्यापर्यंत प्रवास ठीक झाला. मग खुर्चीचे हात दोन्ही बाजूंच्या भिंतींत रुतले, पोरांनी जोर लावला, आणि एका बाजूची दरड माझ्या मांडीवर आली. तिच्याबरोबर एक तोफ आणि तीन मावळेही आले. मी बाहेरही जाऊ शकत नव्हतो आणि आतही. नेमकी त्याच वेळी रस्त्यावर एक गाडी थांबली आणि विभागाचे साहेब सहकुटुंब उतरले. पत्नीला आणि मुलांना किल्ला दाखवायला आणलं होतं.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"समन्वय," मी मांडीवरचा मावळा बाजूला ठेवत म्हणालो.

साहेबांच्या मुलाने बाहेरून ढकललं, आमच्या पोरांनी आतून ओढलं आणि मी निघालो. शिवतेजने खुर्चीच्या हातांनी भिंतीवर उमटवलेल्या खुणा बघितल्या. "अजून एक वीत," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा कामाला लागले. दिवेलागणीपर्यंत खिंड नीट झाली, भिंती लिंपून झाल्या, वरून आंब्याच्या पानांचं तोरण आलं. माझी खुर्ची अजून लाल आहे.

पाडव्याला दुपारी शालनआजीची गाडी आली. शिवतेजच्या वडिलांनी तिला व्हीलचेअरवर बसवलं. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, मांडीवर औषधांची पिशवी. दोन्ही विंग गेटच्या आत उभ्या होत्या. शिवतेज खिंडीच्या तोंडाशी उभा होता. जाई त्याच्या शेजारी.

व्हीलचेअर खिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. बरोबर मध्ये, जिथे गेट रुतलं होतं तिथे, आजी म्हणाली, "थांब."

तिने वर बघितलं. महाराजांना हात जोडले. मग उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"त्यो बुरूज वाकडा हाय."

"तो ए विंगने केलाय," शिवतेज घाईघाईने म्हणाला.

"पण तोफ तुमची आहे त्याच्यावर," जाई म्हणाली. "त्याच्यामुळे वाकला."

"आन् म्हाराजांना हलवलं न्हाई ना कुनी?"

"नाही आज्जी. नुसती खिंड काढली. आई शप्पथ."

आजीने मान हलवली. वडिलांनी खुर्ची पुढे ढकलली, पण चाकं ओल्या मातीत रुतली होती. त्यांनी पुन्हा जोर लावला. हलेना. विलासराव एक पाऊल पुढे आले आणि ढकलायचं कुणी, आतल्यांनी की बाहेरच्यांनी, असं काहीतरी बोलू लागले. मीही तोंड उघडलं होतं.

आजीने हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं. मग खाली रुतलेल्या चाकांकडे बघत तिने मुलांना विचारलं, "आता मी नेमकी कुनाच्या हद्दीत हाय रं?"

जाईने शिवतेजकडे बघितलं. शिवतेजने जाईकडे.

"सामाईक," दोघं एकदम म्हणाले.

"मग बगताय काय? दोगं मिळून ढकला की."